अनोळखी पतंगाची नोंद: रूप कसं टिपायचं, आढळ कसा लिहायचा (कोल्हापूर परिसरासाठी)

चंद्रपतंग किंवा हाताएवढा ॲटलास पतंग दिसला की गावभर त्याचे फोटो फिरतात. त्याच भिंतीवर नखाएवढा, करड्या रंगाचा, दोन वाकड्या रेषांचा जो पतंग बसलेला असतो, त्याची नोंद बहुधा कोणीच करत नाही. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी जातींचा आढळ मोजक्याच ठिकाणांवरून माहीत आहे. बाकीच्या ठिकाणी त्या नाहीत असं त्यावरून ठरत नाही. तिथं रात्री कोणी दिवा लावून बसलेलं नसतं, एवढंच बऱ्याचदा खरं असतं. ही पोकळी भरायला प्रयोगशाळा लागत नाही. नीट काढलेले चार फोटो, अचूक जागा, तारीख आणि शिस्त एवढ्यावर भागतं. या लेखात सगळा भर त्या शिस्तीवर आहे.

कोल्हापूर जिल्हा या कामाला फार सोयीचा आहे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि पूर्वेला शिरोळकडे तो आणखी निम्म्यावर येतो. हे सगळं शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात. दाजीपूरचं सदाहरित जंगल, पन्हाळा-जोतिबाचे डोंगरमाथे, पंचगंगेकाठची ऊसशेती आणि पूर्वेकडची कोरडी माळरानं एकाच जिल्ह्यात मिळतात. एखादा पतंग या पट्ट्यात कुठं सुरू होतो आणि कुठं थांबतो हे कळलं, की त्याच्याबद्दल निम्मं कळलं.

जागा आणि परवानगी

सुरुवात स्वतःच्या गच्चीवरून किंवा परसातून करा. अभयारण्यात रात्री दिवा लावायला वनविभागाची लेखी परवानगी लागते. राधानगरी अभयारण्यात ती नसताना कापड टांगणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि तिथं रात्री गवे फिरतात. जंगलाजवळचे पतंग पाहायचे असतील तर जंगलालगतच्या गावातलं एखादं घर किंवा वाडी निवडा. घरमालकाला विचारा, सरपंच किंवा पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. माळावर मध्यरात्री निळसर उजेड दिसला की लोक काठ्या घेऊन येतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

समोर झाडी असलेली, मागे भिंत किंवा बांध असलेली आणि वारा अडलेली जागा चांगली. रस्त्यावरचा मोठा दिवा जवळ असेल तर तुमचा दिवा फिका पडतो, निम्मे पतंग तिकडेच जातात.

कापड आणि दिवा

पांढरं सुती कापड घ्या. मांजरपाट किंवा जुनी चादर चालते. टेरिकॉट नको, ते गुळगुळीत असल्यामुळे बारीक पतंगांचे पाय टिकत नाहीत. दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच कापड दोन बांबूंच्या मध्ये दोरीवर टांगा, आणि खालचं अर्धा मीटर कापड जमिनीवर पुढे पसरून कडांवर दगड ठेवा. बरेच पतंग कापडाला धडकून खाली पडतात आणि तिथंच बसून राहतात. जमिनीवर कापड नसेल तर ते गवतात दिसत नाहीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली चिरडले जातात.

दिव्याचे तीन मार्ग आहेत. वीज असेल तर १६० वॅटचा, वेगळा चोक न लागणारा मर्क्युरी दिवा सगळ्यांत जास्त पतंग खेचतो. तो कापडापासून एक हात पुढे आणि छातीच्या उंचीवर टांगा. त्याची काच फार तापते, पावसाचा एक थेंब पडला तरी तडकते, म्हणून वर पत्र्याची किंवा मातीच्या कुंडीची टोपी हवी. बाहेरची काच फुटूनही दिवा जळत राहिला तर लगेच बंद करा, त्यातून निघणारे अतिनील किरण डोळे आणि कातडी भाजतात. लाइट जाऊन परत आली तर हा दिवा लगेच पेटत नाही, थंड व्हायला काही मिनिटं जातात. बिघडला म्हणून घाईनं हात लावू नका.

दुसरा मार्ग म्हणजे यूएसबीवर चालणारा यूव्ही एलईडी दिवा. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरच्या मधला घ्या. वीस हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर लहान दिवा रात्रभर निघतो, पावसाळी हवेत धोका कमी, आणि पिशवीत मावतो. नवख्या माणसानं यापासूनच सुरुवात करावी असं आमचं ठाम मत आहे. त्याच्याकडे टक लावून पाहू नका, अतिनील किरण अडवणारा गॉगल घाला.

तिसरा, काहीच नसेल तर जुनी ट्यूबलाइट. घरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बमधून अतिनील प्रकाश जवळजवळ निघत नाही, त्यामुळे त्याच्यावर पतंग कमी येतात. ट्यूब काढून एलईडी लावली आणि पतंग दिसेनासे झाले, तर लगेच पतंग घटले असं लिहू नका. दिवा बदलला हे आधी लिहा.

कोणती रात्र, किती वाजता

अमावास्येच्या मागेपुढे चार-पाच रात्री उत्तम. पौर्णिमेला स्वच्छ आभाळ असेल तर आवक एकदम घटते. उकाडा, ढगाळ आभाळ, पडलेला वारा आणि भुरभुर पाऊस अशी रात्र मिळाली तर ती सोडू नका.

जगभर जुलैच्या शेवटी राष्ट्रीय पतंग सप्ताह साजरा होतो. आपल्याकडे घाटमाथ्यावर तेव्हा पाऊस आणि वारा इतका असतो की कापड अर्ध्या तासात चिंब होऊन पतंग त्यालाच चिकटून मरतात. गगनबावडा-दाजीपूरकडे वळवाच्या सरींनंतर जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काम करा. शहरात आणि पूर्वेकडे मात्र पावसाळाभर बसता येतं.

दिवेलागणीला दिवा लावा. पहिल्या दोन तासांत बारीक पतंग आणि भूमिती कुळातले, म्हणजे ज्यांच्या अळ्या वीत टाकत चालतात ते, येतात. रेशीम कुळातले मोठे पतंग पुष्कळदा मध्यरात्रीनंतर येतात, म्हणून दहा वाजता गाशा गुंडाळला की ते हुकतात. पूर्ण रात्र बसणं जमत नसेल तर रोज तेच तीन तास धरा, पण तेच धरा.

पहाटे उजाडण्याआधी कापड हलक्या हातानं झटकून पतंग झुडपांत सोडायचे. हे काम टाळू नका. उजाडलं की बुलबुल, कोतवाल आणि मैना कापडावर पंगत मांडतात, आणि दोन-तीन दिवसांत त्यांना ती जागा पाठ होते.

कापडावर पतंगांबरोबर इतरही जीव येतात. बारीक, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा लांबट ॲसिड किडा मानेवर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. तो चिरडला की त्यातल्या रसानं कातडी भाजल्यासारखी होते. केसाळ पतंग हातात धरून डोळे चोळू नका. पायात गमबूट घाला, कापडाखाली हात घालण्याआधी बॅटरी मारा. किडे जमले की बेडूक येतात, आणि बेडकांमागे सापही येऊ शकतो.

गुळाचं आमिष

सगळे पतंग दिव्याला येत नाहीत. मोठे, गडद, पंखावर डोळ्यासारखा ठिपका असणारे एरेबस या जीनसमधले (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) पतंग गोड, आंबलेल्या वासाला जास्त येतात. त्यासाठी आपल्याकडे गूळ आहेच. अर्धा किलो काळपट गूळ पाव लिटर पाण्यात मंद आचेवर विरघळवा. पूर्ण थंड झाल्यावर दोन अतिपिकलेली केळी कुस्करून घाला, पाव चमचा यीस्ट घाला आणि एक दिवस झाकून ठेवा. गूळ गरम असताना यीस्ट घातलं तर ते मरतं आणि मिश्रण आंबत नाही. झाकण घट्ट लावलं तर वायू साठून बरणी फुटते, म्हणून वर फडकं बांधा.

संध्याकाळी ब्रशनं आठ-दहा झाडांच्या खोडावर, छातीच्या उंचीवर, वीतभर लांब पट्टा ओढा. मिश्रण मधासारखं दाट हवं. पातळ झालं तर ओघळून मुळाशी जातं आणि पतंगांआधी मुंग्या येतात. दर अर्ध्या तासानं फेरी मारा, बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावा. पांढरा झोत पडला की एरेबस उडून जातो. दुसऱ्या दिवशी खोड ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

फोटो: ओळख इथंच ठरते

एका पतंगाचे किमान चार फोटो. पहिला वरून, कॅमेरा पंखांना अगदी समांतर धरून. तिरका फोटो सुंदर दिसतो, पण त्यात रेषांचं खरं वळण कळत नाही. दुसरा बाजूनं, पंख घराच्या छपरासारखे उतरते आहेत, सपाट पसरलेले आहेत की फुलपाखरासारखे वर मिटलेले आहेत हे दिसेल असा. तिसरा समोरून चेहऱ्याचा, त्यात मिशा पिसासारख्या आहेत की दोऱ्यासारख्या, आणि तोंडासमोरचे दोन स्पर्शक वर वळलेले की सरळ पुढे आलेले, हे यायला हवं. चौथा मागच्या पंखांचा. तो सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत उपयोगी.

पतंग बसल्यावर मागचे पंख बहुधा पुढच्यांखाली झाकलेले असतात. ते बघायला बारीक, मऊ ब्रशनं पुढच्या पंखाची पुढची कड हळूच वर सरकवा. पहाटेच्या गारव्यात पतंग सुस्त असतात, तेव्हा जमतं. नाही जमलं तर पारदर्शक डबीत घेऊन दहा मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. डबीच्या तळातून पंखांची खालची बाजूही मिळते. चिमटीत पंख धरू नका, खवले बोटाला लागतात आणि त्याच खवल्यांत सगळी नक्षी असते.

पांढऱ्या कापडामुळे कॅमेरा फसतो आणि पतंग काळवंडतो. एक्स्पोझर पाऊण ते एक पायरी वाढवा. मर्क्युरी किंवा यूव्ही उजेडात काढलेल्या फोटोत तपकिरी पतंग हिरवट-निळा येतो, म्हणून फोटो काढताना पांढरी बॅटरी किंवा फ्लॅश वापरा आणि फ्लॅशवर टिश्यू पेपर लावा, नाहीतर खवले चकाकतात. मोबाईल असेल तर अगदी नाकाशी नेऊ नका, वीतभर अंतरावरून दुप्पट झूम करा. जवळ नेलं की मोबाईलचीच सावली पडते.

शेजारी आलेख कागदाची पट्टी ठेवून एक फोटो काढाच. माप पुढच्या पंखाचं घ्या, बुडापासून टोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये. दोन्ही पंख पसरून होणारा विस्तार पतंग कसा बसला आहे त्यावर बदलतो, एका पंखाची लांबी बदलत नाही.

वर्णन कसं लिहायचं

फोटो असला तरी वर्णन त्याच रात्री वहीत लिहा. ताज्या पतंगाचा रंग फोटोत पूर्ण येत नाही. क्रम ठरलेला ठेवा: पुढच्या पंखाची लांबी, पंखाचा आकार, बसण्याची ढब, मिशा, मग पुढचा पंख बुडापासून कडेकडे, मग मागचा पंख, मग धड आणि पोट. पुढच्या पंखावर साधारणपणे दोन मुख्य आडव्या रेषा असतात, एक बुडाकडची, एक कडेकडची. त्या सरळ, नागमोडी की करवतीसारख्या, एकेरी की दुहेरी, हे लिहा. त्यांच्यामध्ये बऱ्याचदा दोन खुणा असतात, आतली गोल आणि बाहेरची मूत्रपिंडाच्या आकाराची. त्या भरीव आहेत की नुसत्या कडा, हेही. “सुंदर नक्षीदार तपकिरी पतंग” हे वाक्य शेकडो जातींना लागू पडतं. “कडेकडची रेषा पुढच्या कडेजवळ बाहेर वाकते आणि मग सरळ खाली येते” हे मोजक्यांनाच.

उदाहरणासाठी युडोसिमा हा जीनस घ्या. फळांना सोंडेनं भोक पाडून रस पिणारे हे पतंग संत्रा आणि डाळिंबवाल्यांना ठाऊक आहेत, आणि यांच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात, त्यामुळे परसात गुळवेल असेल तर तिथंच शोध घ्या. बसलेला युडोसिमा हुबेहूब वाळक्या पानासारखा दिसतो, आणि वरून काढलेल्या एका फोटोवर जात ठरवताना फसगत होते. मागचे पंख उघडले की पिवळट-नारिंगी रंग आणि काळी कड दिसते. युडोसिमा मॅटर्नामध्ये त्या नारिंगीच्या मधोमध गोल काळा ठिपका असतो. युडोसिमा फलोनियामध्ये तिथं वाकडी, स्वल्पविरामासारखी जाड काळी खूण असते. शिवाय फलोनियाच्या नर-मादीचे पुढचे पंख सारखे नसतात, मादीचे जास्त चित्रविचित्र असतात. ज्याच्याकडे फक्त पुढच्या पंखांचे फोटो आहेत, तो एकाच जातीच्या दोन जाती करून बसतो. अळीही ओळखू येते: अंगावर बाजूला डोळ्यासारखे ठिपके, आणि छेडली की डोकं आत दुमडून शेपटीकडचा भाग वर उचलते.

नाव लावण्याची घाई नको

नाव शोधताना मोबाईल ॲप जे सुचवतं ते सुरुवात म्हणून घ्या, निकाल म्हणून नाही. ॲपला ज्या जातींचे भरपूर फोटो मिळालेत त्याच ते सुचवतं, आणि अल्पपरिचित जातींचे फोटोच नसतात. म्हणून आधी कुळ ठरवा, मग जीनस, मग जात. जिथं खात्री संपते तिथं थांबा. कितीतरी जाती बाहेरून सारख्याच दिसतात आणि जननेंद्रियं तपासल्याशिवाय वेगळ्या काढता येत नाहीत. अशा वेळी जीनसपर्यंतची नोंद बरोबर असते, ओढूनताणून लावलेलं जातीचं नाव चूक असतं, आणि ती चूक दुसऱ्याच्या यादीतही उतरते.

दुसरी नेहमीची चूक भूगोलाची. आपल्याकडच्या मोठ्या ॲटलासला सरसकट अटॅकस अटलास म्हटलं जातं, कारण इंटरनेटवर त्याचेच फोटो आहेत. ती जात ईशान्य भारत आणि आग्नेय आशियाकडची. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत अटॅकस टॅप्रोबॅनिस ही वेगळी जात आहे, आणि सह्याद्रीत ॲटलास दिसला तर आधी तिचा विचार व्हायला हवा. कोणतंही नाव मिळालं की पहिला प्रश्न हाच: ही जात सह्याद्रीत आधी नोंदली गेली आहे का? नसेल तर नवा शोध लागला असं समजण्याआधी तिची दक्षिणेकडची भावंडं तपासा.

जुन्या नोंदी शोधताना नावं बदलल्याचं भान ठेवा. जॉर्ज हॅम्पसन यांचे भारतातल्या पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ मध्ये निघाले. रूपवर्णनासाठी ते आजही उपयोगी आहेत, पण त्यातली पुष्कळ नावं आणि कुळं आता चालत नाहीत. युडोसिमा फलोनियाच बरीच वर्षं ओथ्रेइस फुलोनिया या नावानं लिहिली जात होती, आणि नॉक्टुइडी कुळातून आता एरेबिडी कुळात गेली आहे. एकाच नावानं शोधलं तर निम्म्या नोंदी हाती लागत नाहीत.

आढळ: नुसतं “कोल्हापूर” लिहून भागत नाही

प्रत्येक नोंदीत गाव, तालुका, अक्षांश-रेखांश चार दशांशांपर्यंत, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, वेळ, दिव्याचा प्रकार, आणि भोवताली काय आहे हे हवं. चार दशांश म्हणजे सुमारे अकरा मीटरची अचूकता, त्याहून जास्त गरज नाही. घाटात मोबाईलला रेंज नसली तरी जीपीएस चालतं, पण फोटोला कधी कधी मागच्या गावाची जागा चिकटते. पोचल्यावर नकाशा उघडून निळा ठिपका जागेवर आल्याची खात्री करा, मगच पहिला फोटो.

मध्यरात्रीनंतरच्या नोंदीची तारीख चुकते. “१४-१५ सप्टेंबरची रात्र” असं लिहिलं की घोळ होत नाही.

काहीच आलं नाही ती रात्रही नोंदवा. दिवा तोच, तास तेच, आणि पतंग आला नाही, ही माहिती आढळाच्या नकाशाला फार मोलाची आहे. गगनबावडा, पन्हाळा, शहर आणि शिरोळ अशा चार ठिकाणच्या चार मित्रांनी एकच प्रकारचा दिवा घेऊन महिन्यातून एकदा, त्याच अमावास्येला, तेच तीन तास धरले, तर वर्षभरात जी तुलना हातात येते ती एकट्यानं भटकून येत नाही.

दिव्याला आलेला पतंग तिथलाच असतो असंही नाही. कण्हेर आणि तगरीवर वाढणारा हिरवा डॅफ्निस नेरी लांबचा प्रवास करणारा आहे. त्याचा एक पतंग दिव्याला मिळाला तर तो तिथं वाढतो असं म्हणता येत नाही, पण कण्हेरीवर त्याची अळी मिळाली तर म्हणता येतं. म्हणून वहीत “दिव्याला” आणि “झाडावर अळी” असे वेगळे रकाने करा. तागावर आणि खुळखुळ्यावर वाढणारी नारिंगी, काळ्या ठिपक्यांची अर्जिना ही पतंगजात यासाठी नवख्यांना बरी, अळ्या दिवसाउजेडी शेंगांवर दिसतात. रोपवाटिकेतल्या कुंड्यांतून आणि भाजीच्या ट्रकमधूनही अळ्या गावं बदलतात. कुंडी नुकतीच आणलेली असेल तर तसं लिहा.

तारखेची किंमत किती असते ते अमेरिकन लष्करी अळीनं दाखवलं. ही परदेशी जात भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. तिचा प्रवास आज सांगता येतो तो ज्यांनी गाव आणि तारीख लिहून ठेवली त्यांच्यामुळे. तिचा पतंग करडा, साधा, सहज दुर्लक्ष व्हावं असाच आहे.

नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा भारतीय पतंगांच्या संकेतस्थळावर टाका, पण मूळ फोटो आणि वही स्वतःकडे ठेवा. कोणी नाव दुरुस्त केलं तर जुनं नाव खोडू नका, शेजारी नवं नाव आणि तारीख लिहा.

खिडकीत मेलेला पतंग मिळाला तर फेकू नका. कागदाची त्रिकोणी घडी करून त्यात पंख मिटून ठेवा. घडीवर पेन्सिलनं गाव, तारीख आणि कुठं मिळाला ते लिहा, शाई ओलीनं पसरते. दोन दिवस सावलीत वाळवून घट्ट डब्यात डांबरगोळीसह ठेवा, कारण आपल्या पावसाळ्यात बुरशी आणि मुंग्या आठवड्यात फक्त पंख शिल्लक ठेवतात. खात्रीनं न ओळखता आलेला नमुना शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या कीटक अभ्यासकांना दाखवता येतो. अभयारण्याच्या हद्दीतून मात्र मेलेला पतंगही परवानगीशिवाय उचलायचा नाही.